पुलाच्या टोकाला पायऱ्या

मला सायकल चालवता येत नव्हती, आणि तरीही समस्त सायकलवाल्यांच्या वतीनं बोलायला मीच उभा राहिलो. नुसता उभा राहिलो असतो तर निभावलं असतं. पण पुलावर होणाऱ्या नव्या वाटेला दोन्ही टोकांना पायऱ्या हव्यात, असं मी सरकारी ओव्हरसियरला सांगून बसलो. सायकलींच्या वाटेला पायऱ्या!

माझ्याकडे सायकल होती, ही त्यातली खरी पंचाईत. आमच्या जावळीच्या डोंगरात सायकल म्हणजे खांद्यावर घेऊन हिंडायची वस्तू. तिथं ती कुणाला येत नव्हती आणि न आल्यानं कुणाचं अडतही नव्हतं. पण मला पिंपरीकडे कारखान्यात स्टोअरमध्ये कारकुनी लागली आणि पाठोपाठ लग्न ठरलं. बैठकीत माझ्या मामांनी ठोकून दिलं, "मुलगा कारखान्यात असतो. सायकलवरनं जातो-येतो." मी मान खाली घातली. मला लाज वाटली होती थापेची. सासऱ्यांना वाटलं, पोरगा विनयशील आहे. त्यांनी आहेरात नवीकोरी, हिरवी, पुढं दिवा असलेली सायकल दिली. बायको काही दिवस माहेरीच राहणार होती, सायकल मात्र लगेच माझ्याबरोबर आली.

त्या वर्षांत पिंपरी-चिंचवडच्या माळावर एकेक कारखाना उगवत होता. काल जिथं मटकी होती तिथं आज धुराडं. माळावर राहायला जागा नव्हती, म्हणून आम्ही बरेच कामगार पवनेच्या दुसऱ्या काठावरच्या गावात खोल्या घेऊन राहायचो. माझी खोली म्हणजे एका शेतकऱ्याच्या गोठ्याला मधे भिंत घालून केलेली जागा. भिंतीच्या पलीकडे म्हैस, अलीकडे मी आणि माझा सोबती. म्हशीची बाजू जास्त हवेशीर होती.

गाव आणि कारखाने यांच्यामध्ये तो पूल. दगडी, जुना, एका बैलगाडीपुरता रुंद. सकाळी भोंग्याच्या आधी आम्ही सायकली घेऊन एका टोकानं चढायचो आणि नेमक्या त्याच वेळी समोरून कडब्याच्या गाड्या, गवळ्यांच्या म्हशी आणि एखादा ट्रक. गाडीवान म्हणायचा, बैलाला मागं सरकता येत नाही. ट्रकवाला म्हणायचा, मला येतं, पण मी सरकणार नाही. मग सरकायचं कुणी? सायकलवाल्यानं. कठड्याला लागून कारखान्याचा पाण्याचा जाड लोखंडी नळ टाकलेला होता. माळव्याच्या, म्हणजे भाजीपाल्याच्या, पाट्या डोक्यावर घेतलेल्या बाया त्या नळावर पावलापुढं पाऊल टाकत डोंबाऱ्याच्या पोरीसारख्या पलीकडं जायच्या. खाली बघितलं की नदी, वर बघितलं की बैलाचं शिंग.

सगळा गाव त्या पुलाला शिव्या घालायचा. मला मात्र त्याचा केवढा आधार होता! पुलावर झाडून सगळे उतरायचे आणि सायकल हातात धरून चालायचे. गावातली वाट धोंड्यांची, तिथंही हीच रीत. म्हणजे खोलीपासून पुलाच्या शेवटापर्यंत मी चारचौघांसारखाच दिसायचो. पायजम्याला क्लिप, हँडलला डबा, चेहऱ्यावर घाई. पूल संपला की मंडळी टांग टाकायची आणि मी चाकापाशी खाली बसायचो.

"काय झालं, राव?"

"चेन पडली. तुम्ही व्हा पुढं."

ती पुढं गेली की मी चेनवरून दोन बोटं फिरवून ती काळी करून घ्यायचो आणि सायकल ढकलत कारखान्याच्या दारापर्यंत जवळजवळ पळत जायचो. बोटं काळी नसती तर कुणी विश्वास ठेवला नसता, असं मला वाटायचं. माझ्याइतकी पडणारी चेन त्या पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाची नव्हती.

पुलाच्या गावाकडच्या टोकाला एक म्हातारी पेरूची पाटी घेऊन बसायची. ती मला रोज येता-जाता बघायची आणि काही बोलायची नाही. मला वाटायचं, तिला डोळ्यांनी कमी दिसतं.

माझा सोबती बीडकडचा. लहानपणी तापात त्याचा डावा पाय लुळा पडलेला. चालायला काठी लागायची आणि चालणं असं, की बघणाऱ्यालाच दम लागावा. पण सायकलवर बसला की तो वेगळाच माणूस. चांभाराकडून त्यानं उजव्या पायडलला चामड्याचा पट्टा ठोकून घेतला होता. त्या पट्ट्यात पाऊल अडकवून एका पायानं दाबायचा आणि त्याच पायानं वर ओढायचा. सपाटीला त्याला कुणी मागं टाकत नसे. अडचण एकच. चढायला त्याला ओटा किंवा धोंडा, काहीतरी उंच लागायचं. वाटेत उतरावं लागलं, की पुढचा धोंडा सापडेपर्यंत एका हातात काठी, दुसऱ्या हातात सायकल. आणि पुलावर तर रोज उतरावं लागायचं. म्हणून तो आम्हा सगळ्यांच्या कितीतरी आधी खोलीतून निघायचा, आणि तरीही कधीकधी त्याच्या तोंडावर कारखान्याचं दार बंद व्हायचं.

आमच्या कारखान्यात काचेच्या बाटल्या व्हायच्या. त्याचं काम दिव्यासमोर एकेक बाटली धरून काचेत बुडबुडा राहिलाय का बघण्याचं. बसून करायचं काम. त्या सगळ्या माळावर बसून करायची कामं दोनच, एक त्याचं आणि एक साहेबांचं. पण तो अजून कच्च्यावर होता. फोरमननं त्याला सांगून ठेवलं होतं, "नजर चांगली आहे तुझी. पाडव्याला पक्का करतो. पण तोवर उशीर व्हायला लागला, तर मला दुसरा माणूस बघावा लागेल." ही नोकरी गेली तर लुळ्या पायानं परत बीडला जाऊन भावाच्या दारात बसणं एवढंच त्याच्यापुढं होतं. हे त्यानं मला एकदा भाकरी थापता थापता सांगितलं होतं. स्वयंपाक तोच करायचा. माझ्या भाकरीला म्हैससुद्धा तोंड लावायची नाही.

अशात एका रविवारी बांधकाम खात्याचा ओव्हरसियर गावात आला. चावडीपुढं माणसं जमली. तरुण, पुण्याचा, डोक्यावर सोलाहॅट. त्यानं बेत सांगितला तो झकास होता. नळाच्या दोन्ही अंगांना बुटकी भिंत घालायची, वरून शहाबादी फरशा टाकून नळ झाकायचा, कडेला लोखंडी कठडा. म्हणजे गाड्यांच्या वाटेपेक्षा गुडघाभर उंच अशी एक स्वतंत्र वाट, पायी जाणाऱ्यांना आणि सायकलींना. बैल खालून, माणूस वरून.

"तुमच्यातलं रोज सायकलवर जाणारं कोण आहे? त्यानं बोलावं," ओव्हरसियर म्हणाला.

सरपंचांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "हे आमचे कारकूनसाहेब. नवी सायकल हाय, पर पुलावर कदी बसत न्हाईत. उतरूनच चालत्यात. लई जबाबदार मानूस."

उतरूनच चालत्यात! मी बसलोच कधी होतो? पण माणसं कौतुकानं बघत होती, आणि कौतुकापुढं माझी अक्कल पहिल्यापासून पातळ. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि गाड्या, म्हशी, ट्रक, नळावरून चालणाऱ्या बाया यांच्यावर असं बोललो, की सरपंचांनी दोनदा मान डोलावली. मग ओव्हरसियरनं विचारलं,

"वाट उंच होणार. टोकांना उतार करून देऊ, की पायऱ्या?"

मी मनात हिशोब केला. उतार म्हणजे सायकलवरून न उतरता थेट चढायचं. म्हणजे उद्यापासून सगळे टांग टाकून सुसाट जाणार आणि पुलावर सायकल हातात धरून चालणारा उरणार मी एकटा. चेन पडून पडून पुलाच्या लांबीभर किती पडणार?

"पायऱ्या," मी म्हणालो.

"पायऱ्या? सायकली उचलाव्या लागतील ना?"

"उतार केला तर जनावरं चढतील, साहेब. म्हशी वरच्या वाटेनं यायला लागल्या, तर माणसं पुन्हा खाली गाड्यांत."

कुठून सुचलं, देव जाणे. थाप मारताना माझं डोकं फार चालतं. तेवढंच खरं बोलताना चाललं असतं तर आज मी कुठल्या कुठं असतो. चावडीपुढं सगळ्यांनी माना हलवल्या. "खरं हाय. म्हसरं शिरत्याली." ओव्हरसियरलाही पटलं. त्या दिवशी गावात माझा भाव वधारला.

सोबती तेव्हा निघोज्याला मावशीकडे गेला होता. संध्याकाळी आला तो वाटेतच निम्मी बातमी ऐकून आला. इतका खूश मी त्याला कधी बघितला नव्हता. चुलीपुढं बसून काठवटीत पीठ मळता मळता म्हणाला,

"गड्या, आता मी पक्का झालोच समज. पुलाच्या ह्या टोकाला धोंड्यावरनं बसायचं ते कारखान्याच्या दारात उतरायचं. मधी टेकायचं कामच न्हाई."

मी हातातला घास ताटात ठेवला. खरं सांगतो, चावडीपुढं उभा असताना मला तो आठवलाच नव्हता. एका पायाचा माणूस सायकल उचलून पायऱ्या कसा चढणार? आणि चढला तरी वर धोंडा कुठला, बसायला? त्याच्यासाठी ती वाट म्हणजे नुसती बघायची शोभा. मी पाणी प्यायलो आणि म्हणालो, "हो, हो. झालासच तू." आणि भाकरी आणखी मागून घेतली, की तोंड भरलेलं राहावं.

संक्रांतीनंतर काम सुरू झालं. मी रोज ठरवायचो, आज ओव्हरसियरला गाठायचं. रोज तो दिसला की मी चेन बघायला खाली बसायचो. भिंती झाल्या, फरशा पडल्या, कठडा लागला. शेवटी एका शनिवारी गवंड्यांनी गावाकडच्या टोकाला पायरीचे घडीव दगड आणून टाकले. त्या संध्याकाळी सोबती खोलीत आला तो काठी भिंतीला न टेकवता तसाच उभा राहिला.

"तिथं पायऱ्या व्हायल्यात," तो म्हणाला.

मी कंदील पुसायला घेतला.

"वाट सायकलीची आन् पायऱ्या. कुण्या गाढवानं सांगितलं असंल रं?"

गाढव कंदिलाची काच पुसत होतं. त्यानं चूल पेटवली. भाकरी केल्या, माझ्या ताटात घातल्या, स्वतः अर्धीच खाल्ली. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर मी कदाचित आणखी आठवडा काढला असता. ती उरलेली अर्धी भाकरी मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी सुट्टी. मी सकाळीच सायकल ढकलत पुलावर गेलो. सायकल कशाला नेली, विचारू नका. तोवर ती काठीसारखी हाताला लागली होती. ओव्हरसियर तिथंच होता. गवंडी होते, सरपंच होते, कडेला पेरूवाली. चुना-वाळू कालवून मोठा ढीग घालून ठेवला होता.

"साहेब, पायऱ्या नकोत. उतार करा."

त्यानं हॅट मागं सारली. "अहो, तुम्हीच म्हणालात ना, जनावरं चढतील?"

"म्हणालो होतो. पण जनावरांना आता कळतं."

"महिन्याभरात कळायला लागलं?"

गवंडी हसले. सरपंच माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, पावसात पायऱ्या निसरड्या होतात. तो म्हणाला, उतारही होतो. मी म्हणालो, म्हाताऱ्या माणसांना त्रास. म्हातारी पेरूवाली म्हणाली, "मला काय बी तरास न्हाई." अशी माझी एकेक थाप तो शांतपणे खाली उतरवत गेला. शेवटी कंटाळून म्हणाला,

"माझी हरकत नाही. पण टोकाला वळण आहे. उतारावरून सायकल वळून चढेल की कठड्यावर आपटेल, ते बघायला हवं. या दोन फळ्या टाकतो. तुमची सायकल आहेच हातात. दाखवा चढवून."

त्या वेळी खरं सांगून टाकायला काय हरकत होती? काही नाही. पण मी विचार केला, इतके दिवस लोकांना टांग टाकताना बघतोय, त्यात अवघड ते काय. बघून बघून माणूस पोहायला शिकत असता तर आमच्या नदीकाठची सगळी झाडं पोहली असती, हे तेव्हा सुचलं नाही. मी क्लिप नीट केली. टांग टाकली ती चुकून पलीकडे पडली. एका गवंड्यानं सायकल धरली, मला वर बसवलं आणि "चला साहेब" म्हणून मागून जोरात लोटलं.

रस्ता तिथं पुलाकडे उतरता होता. सायकल निघाली. मला एवढंच आठवतं, की फळ्या माझ्या डाव्या हातानं गेल्या, सरपंच उजव्या हातानं गेले आणि समोर चुन्याचा ढीग आला. मी त्यात कमरेपर्यंत गेलो. सायकल माझ्यावर. हँडलची घंटा आपसूक वाजत होती.

कुणी हसलंसुद्धा नाही, इतके सगळे चकित. ओव्हरसियर जवळ आला.

"तुम्हाला सायकल येत नाही?"

"येते," मी म्हणालो. "हातात धरून."

"मग पायऱ्या कशाला मागितल्यात, माणसा?"

माझ्या तोंडात चुना होता आणि थापा संपल्या होत्या. "पायऱ्या असल्या की सगळ्यांनाच उतरावं लागलं असतं, साहेब. मग मी एकटा दिसलो नसतो."

हे बोलून मान वर केली, तर माणसांच्या मागं माझा सोबती. आपल्या सायकलीवर रेलून उभा. कधी आला होता, कोण जाणे. काठी टेकत तो पुढं आला.

"म्हंजे ते गाढव तू?"

"हो."

"आन् त्या गाढवाला म्या रोज भाकरी थापून घालतो."

मला वाटलं, आता काठी बसते. बसली असती तरी चाललं असतं. पण त्यानं काठी सायकलीच्या दांडीला अडकवली, गवंड्यांनी आणून टाकलेल्या पायरीच्या दगडाला सायकल लावली, दगडावर चढून उजवं पाऊल पट्ट्यात घातलं आणि निघाला. फळ्यांवरून खाडखाड वाजत वर चढला, वळणाला जरा कलला, कठड्याला न लागता वळला आणि फरशांवरून सरळ. खाली दोन कडब्याच्या गाड्या समोरासमोर येऊन अडल्या होत्या, गाडीवानांची जुंपली होती. हा त्यांच्या शेजारच्या उंच वाटेवरून, घंटा वाजवत. पार दुसऱ्या टोकाला जाऊन त्यानं कठडा धरला, आणि तिथून ओरडला, "साहेब, चढतीया की!"

आता माणसं हसली. ओव्हरसियरही हसला. सरपंचांनी तरी विचारलंच, "म्हसरांचं काय पर?" ओव्हरसियरनं तिथल्या तिथं तोड काढली: उतार करायचा आणि तोंडाशी जुन्या रुळांचे तुकडे उभे रोवायचे. मधून सायकल जाईल, म्हैस जाणार नाही. पायरीचे दगड उचलायला गवंडी वाकले, तेव्हा तो सोबत्याकडे बघून म्हणाला, "एकेक दगड दोन्ही टोकांना कडेला राहू द्या. बसायला." माझ्या सगळ्या पायऱ्यांपैकी तेवढेच दोन दगड उपयोगाला आले.

मी नदीवर जाऊन अंग धुतलं. चुना केसातून निघेना. पण छातीवरचं ओझं असं उतरलं होतं, की मी पाण्यात बसून एकटाच हसत होतो. उद्या सकाळी चेन पाडायची नाही! बोटं काळी करायची नाहीत, कारखान्यापर्यंत चोरासारखं पळायचं नाही. रात्रभर दाढ ठणकावी आणि सकाळी ती काढून हातात द्यावी, तसं वाटत होतं. संध्याकाळी सोबत्यानं भाकऱ्या केल्या. ताट माझ्यापुढं सरकवलं आणि म्हणाला, "खा, गाढवा." त्या भाकरीची चव मी अजून विसरलेलो नाही.

उतार झाले. सोबती आता आमच्या बरोबरीनं खोलीतून निघायला लागला. गावाकडच्या टोकाला धोंड्यावरून बसायचा तो दारात उतरायचा. दरवान म्हणायचा, याला बघून मी दार उघडतो. बायांच्या पाट्या नळावरून फरशीवर आल्या. एक माळीण मला म्हणाली, "बरं केलंस बाबा बोललास त्ये." काय बोललो होतो, ते तिला कुणी सांगितलं नसावं. मला सायकल शिकवायचंही सोबत्यानं मनावर घेतलं. रिकाम्या खळ्यावर तो मधे काठी टेकून उभा राहायचा आणि मी भोवती फिरायचो, मळणीच्या बैलासारखा. फरक इतकाच, की बैल पडत नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी फोरमननं त्याला बोलावून घेतलं. मी स्टोअरच्या खिडकीशी उभा होतो. तो बाहेर आला आणि नुसती काठी वर करून दाखवली. पक्का तो झाला होता, आणि खाली बसलो मी.

सुटल्यावर त्यानं चिंचवडात पेढे घेतले. पुलाच्या टोकाला आला तसा धोंड्यावर उतरून त्यानं पहिला पेढा पेरूवाल्या म्हातारीला दिला. "पक्का झालो, आजी." तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मग मी पोचलो. शिकणं अजून खळ्यावरच होतं, म्हणून सायकल ढकलत, घामाघूम.

म्हातारीनं पेढा तोंडात टाकला. माझ्याकडे बघितलं, सायकलीकडे बघितलं.

"आजी," मी म्हणालो, "तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं ना, मला चालवता येत नाही ते?"

"न्हाई बाबा," ती म्हणाली. "म्हशीला पाण्यावर न्यावी तशी रोज न्यायचास आन् आणायचास. मला वाटलं, कंपनीत नेऊन तिचं दूध काढतोस."